जुन्या घराच्या कामाची वही

४ ऑक्टोबर

घर आज परत बघून आलो, मुद्दाम रात्रभर पाऊस पडून गेल्यावर. एजंट म्हणत होता दोन दिवस थांबा मॅडम, अंगणात चिखल असेल. म्हटलं चिखलच तर बघायचाय. कोरड्या दिवशी जुनं घर बघितलं की खोल्या दिसतात, उजेड दिसतो, इथे सोफा तिथे अभ्यासाचं टेबल असं सुरू होतं, आणि पावसानंतर बघितलं की पाणी कुठून येतंय आणि कुठे जाऊन बसतंय ते दिसतं.

जे दिसलं ते लिहून ठेवते. हॉलच्या मागच्या भिंतीला नवाकोरा रंग, आणि फक्त त्याच एका भिंतीला, बाकी घराला कित्येक वर्षांत ब्रश लागलेला नाही. हात लावला तर कमरेपर्यंत गार, खाली रंगाला बारीक फुगे. नवरा टॉर्च घेऊन माळ्यावर चढला, वाशांवर काळे ओघळ आहेत, बरेचसे जुने, पण आढ्याजवळचे काही बोट लावल्यावर ओले निघाले. सगळे नळ एकदम सोडले तर बाथरूमच्या नळाची धार पार बारीक झाली. पोराने खिशातली गोटी खाली ठेवली तर ती आपली आपण खिडकीकडे निघाली, त्याला हे एवढं आवडलं की त्याच्याकडून घर फायनल आहे.

घरमालक म्हणाले, "थोडी ओल आहे, पण रंग दिला की जाते." नवीन रंगाची भिंत आम्ही बघत उभे होतो तेव्हाच म्हणाले.

तरीही आवडलंय. भिंती दीड विटेच्या, सागवानी दारं, वर माडी, मागे पडवी, आणि पोराला पळायला जागा.

११ ऑक्टोबर

स्ट्रक्चरल इंजिनियरला घेऊन गेलो. सौदा व्हायच्या आधी इंजिनियरला नेणं हा ह्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा खर्च असं सासरे म्हणतात आणि मला पटतं. माणूस अजिबात बोलत नाही, नुसता स्क्रू ड्रायव्हर घेऊन तुळयांच्या टोकांना टोचत फिरतो. टोकंच का विचारलं तर म्हणाले तुळई मधे कुजत नाही, भिंतीत जिथे घुसलेली असते तिथे कुजते, कारण भिंतीतली ओल लाकडाला तिथे मिळते. दोन टोकांत स्क्रू ड्रायव्हर नखभर आत गेला. बाकी टणक.

भेगांचं त्यांनी छान समजावलं. भेगेच्या आत धूळ, जुना रंग, कोळ्याची जाळी असेल तर ती म्हातारी भेग, जे हलायचं ते हलून झालंय. कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर ताजी. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या पायऱ्यांनी चढत गेलेली असेल तर पाया एका बाजूला बसतोय का ते बघायचं. आमच्या खिडकीवर अशीच एक आहे. त्यांनी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारली, शेजारी तारीख लिहिली, आणि भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टरच्या दोन गोळ्यांनी चिकटवली. भिंत हलली तर काच तडकणार. एवढं साधं.

नवऱ्याचं ओपन किचनचं स्वप्न मात्र आज मावळलं. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत पाडायची होती, पण माडीच्या सगळ्या कड्या तिच्यावरच टेकलेल्या आहेत. इंजिनियर म्हणाले पाडता येते की, आधी टेकू लावून वरचं वजन उचलायचं, बीम टाकायचा, बीमच्या दोन्ही टोकांना खाली पायापर्यंत आधार द्यायचा. ते "की" ऐकूनच आम्ही दोघं गप्प झालो. भिंत राहतेय.

३० ऑक्टोबर

किल्ल्या मिळाल्या!!

बजेटमधले वीस टक्के वेगळे काढून ठेवलेत, त्यांना कशासाठीही हात लावायचा नाही असं ठरलंय, म्हणजे काहीतरी निघणार आहे आणि ते त्यालाच जाणार आहेत. नवऱ्याच्या पिंटरेस्टवर बोर्ड भरलेत, लाईट, टाईल्स, पितळी नळ. माझ्या यादीत पन्हळ, गटार, अर्थिंग. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ भांडलो. शेवटी क्रम असा ठरला: आधी बाहेरचं पाणी, मग छप्पर, मग लाकूड, मग वायरी आणि पाईप, मग गिलावा, मग फरशी, सगळ्यात शेवटी रंग. ह्यात वरचं खाली केलं की झालेलं काम परत फोडावं लागतं.

४ नोव्हेंबर

दारांचा रंग. कितीतरी थर आहेत, वरून चॉकलेटी, खाली हिरवा, त्याखाली मळकट पिवळा. सुतारकाका मशीन लावून घासायला निघाले होते, त्यांना थांबवलं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, रंग गडद आणि टिकाऊ व्हावा म्हणून घालायचे, आणि कोरडं घासलं की त्याची धूळ सगळ्या घरात बसते. मोठ्यांनाही ती वाईटच पण लहान मुलं जमिनीवर खेळतात, हात तोंडात घालतात, आणि मुलांच्या मेंदूसाठी शिशाचं अमुक इतकं प्रमाण चालेल अशी पातळीच नाही. रंगाचा तुकडा लॅबला पाठवला होता, आज रिपोर्ट आला, आहे.

मग ठरलं ते असं. केमिकल लावून रंग मऊ करायचा आणि ओला असतानाच खरवडायचा, पेटत्या बत्तीने भाजायचा नाही कारण त्याचा धूर अजून वाईट. खाली प्लॅस्टिक अंथरायचं, खरवडलेलं सगळं त्यातच गुंडाळून बाहेर. झाडू नाही, ओलं फडकं. कामाचे कपडे आणि चप्पल तिथेच. आणि दारं होईपर्यंत पोरगा घरात येणार नाही, तो आज गेटबाहेर आजोबांचा हात धरून दहा मिनिटं रडला, पण इलाज नाही.

पडवीवरचे जुने सिमेंटचे पत्रे बहुतेक ॲस्बेस्टॉसचे आहेत. त्यांची धूळ श्वासातून आत जाणं फार वाईट, म्हणून त्यांना आम्ही हातसुद्धा लावणार नाही. हे काम करणारी वेगळी माणसं असतात, पत्रे ओले करून, न तोडता, न भोकं पाडता आख्खे उतरवतात आणि प्लॅस्टिकमध्ये पॅक करून नेतात. मिस्त्री म्हणाले, "ताई, हातोडीने अर्ध्या तासात खाली काढतो." तेच नकोय.

१० नोव्हेंबर

छप्पर. कौलं उतरवून झाली. वरून निम्मी तरी चांगली निघतील असं वाटलं होतं, त्याहून जास्त निघाली. मिस्त्री प्रत्येक कौल हातात धरून बोटाच्या पेराने ठोकतात, खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर आत तडा आहे. सगळी ब्रशने घासून शेवाळ काढून रचून ठेवली.

गळती कौलांतून कमीच होती. जिथे माडीचं छप्पर आणि पडवीचं छप्पर भिंतीला भेटतात तिथली पत्र्याची पट्टी गंजून चाळणी झालीये, आणि आढ्यावरच्या कौलांखालचा मसाला सुटलाय. म्हणजे पाणी सांध्यातून यायचं, वाशावरून घरंगळत पार दुसऱ्या खोलीत टपकायचं, आणि आधीच्या लोकांनी जिथे टपकतं तिथली कौलं बदलली होती, नवी कौलं बरोब्बर त्या डागांच्या वर दिसतात, बिचारे. छपरात पाणी जिथे पडतं तिथे शिरलेलं नसतं हे आज डोळ्यांनी बघितलं.

वासे काही बदलले. रिपा, म्हणजे कौलं ज्यांवर बसतात त्या लाकडी पट्ट्या, सगळ्याच नव्या घेतल्या, जुन्या खिळे काढताना फाटतात. रिपांमधलं अंतर कौलाच्या मापाने आधी दोन ओळी लावून बघूनच पक्कं केलं, जुनी कौलं सगळी एका मापाची नसतात.

पन्हळ नवी. तिला उतार आहे का ते बादलीभर पाणी ओतून बघितलं, मधेच तुंबून राहिलं, क्लॅम्प परत लावायला लावले. मिस्त्री वैतागले. वैतागू देत.

१६ नोव्हेंबर

वाळवी निघाली. हॉलच्या त्याच मागच्या भिंतीला, दाराच्या चौकटीमागे, मातीच्या बारीक नळ्या जमिनीपासून वर गेलेल्या. चौकट वरून धडधाकट दिसते, अंगठ्याने दाबली तर रंगाचा पापुद्रा तेवढा राहिलाय, आत सगळं पोकळ. माडीच्या कपाटाखाली पिठासारखी भुकटी आणि लाकडाला टाचणीएवढी गोल भोकं, तो भुंगा, वाळवी नव्हे, त्याचं औषध वेगळं. पेस्ट कंट्रोलवाले दोन्ही एकच म्हणून उरकत होते.

त्यांनी भिंत आणि जमीन मिळते तिथे फूट-फूट अंतरावर ड्रिलने भोकं पाडून औषध सोडलं आणि बुजवली. पण ही वाळवी जमिनीतून येते आणि तिला ओल लागते. भिंत ओली ठेवून औषध मारत बसणं म्हणजे दर काही वर्षांनी परत हेच.

२२ नोव्हेंबर

आज फक्त त्या भिंतीबद्दल. ह्या घरात येणाऱ्या प्रत्येकाकडे तिचं एक उत्तर आहे. प्लंबर म्हणतो भिंतीच्या एका भागापलीकडे बाथरूम आहे, पाईप लीक असणार. रंगवाला म्हणतो वॉटरप्रूफ प्रायमर. मिस्त्री म्हणतात गिलावा पाडून वॉटरप्रूफिंग घातलेला सिमेंटचा गिलावा, "दहा वर्षं बघायला नको ताई." शेजारचे आजोबा म्हणतात भिंत तशीच आहे हो, आम्ही लहान होतो तेव्हापासून.

आम्ही एकेक करून बघितलं. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा फोटो काढला, रात्रभर मेन चालू ठेवून सकाळी परत काढला, आकडा हललेला नाही. म्हणजे दाबाच्या लाईनमध्ये लीक नाही. ड्रेनेजची लाईन खाली बूच मारून पाण्याने भरून ठेवली, पातळी उतरली नाही. प्लंबरचं उत्तर बाद.

मग भिंतीवर फॉइलचा चौकोन चारी बाजूंनी टेप लावून चिकटवला. हवेतली वाफ गार भिंतीवर बसत असेल तर फॉइलच्या बाहेरच्या बाजूला पाणी दिसतं, भिंतीतूनच येत असेल तर आतल्या बाजूला. दोन दिवसांनी काढला तर आत थेंब. आणि ओलीची वरची कड सरळ आडवी आहे, जमिनीपासून साधारण तीन फुटांवर, तिथे पांढरा लोणा फुललाय. छपरातलं पाणी वरून खाली ओघळत येतं, त्याचे डाग वेडेवाकडे असतात. अशी आडवी रेघ म्हणजे पाणी खालून चढतंय, विटांमधून, आणि जिथे त्याला वाळायला मिळतं तिथे क्षार सोडून जातं.

मग बाहेर गेलो. मागच्या बाजूला बघितलं तर जोतं, म्हणजे घराचा जमिनीवर दिसणारा चौथरा, दिसतच नाही. कुणीतरी कधीतरी मागे फुलझाडांसाठी माती टाकलीये, वर्षानुवर्षं पालापाचोळा पडलाय, त्यावर कुणीतरी फरशी बसवलीये, आणि बाहेरची जमीन आता घरातल्या जमिनीहून वर आहे. खरं म्हणजे ती आतल्या जमिनीपेक्षा निदान सहा इंच तरी खाली हवी. त्यात वर पन्हळीचा पाईप, तो बरोबर ह्याच भिंतीच्या बुडाशी उघडा सोडलेला. छपराच्या मागच्या उताराचं सगळं पाणी, इतकी वर्षं, एका जागी.

नवरा तिथे फावडं घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "म्हणजे भिंतीचा काही दोषच नाही."

२९ नोव्हेंबर

खोदकाम. फरशी उचलली, माती काढत गेलो, जुन्या जोत्याची दगडी कड लागली, छान घडीव दगड आहेत. एकदम सगळ्या लांबीत खोदायचं नाही असं इंजिनियरने बजावलं होतं, पायाच्या शेजारची माती थोडी थोडी करून काढायची आणि पायाच्या तळाच्या जवळपासही जायचं नाही. बाहेरची जमीन आता आतल्या जमिनीच्या खाली गेली, भिंतीपासून लांब उतार दिला, भिंतीलगत खडी. पन्हळीचा पाईप खाली बंद नळीत घेऊन अंगणाच्या पलीकडच्या गटारात सोडला. नळीला चाळीसास एक उतार, म्हणजे दहा फुटाला तीन इंच.

पिंटरेस्टवर ह्याचा एकही फोटो नसतो.

६ डिसेंबर

आतला गिलावा पाडला. खालून पाच फुटांपर्यंत, ओलीच्या रेघेच्या बरंच वर. निघालं ते असं की मूळ बांधकाम सगळं चुन्यातलं आहे, विटा मऊ, कमी भाजणीच्या, सांधे चुन्याचे, आणि त्यावर नंतर कुणीतरी सिमेंटचा जाड गिलावा मारलाय. ह्यानेच वाट लावली. चुन्याच्या गिलाव्यातून ओल हळूहळू बाहेर उडून जाते, सिमेंट घट्ट, त्यातून जात नाही, मग पाणी मागे अडकतं आणि वर वर चढत राहतं. घामेजलेल्या माणसाला रेनकोट घालून उन्हात उभं करायचं आणि विचारायचं ओला का. गिलाव्याचे मोठे तुकडे निघताना विटांचा दर्शनी पापुद्रा घेऊन निघाले, काही विटा चिमटीत धरल्या तर भुगा होतायत. तेवढ्या बदलणार.

मिस्त्रींशी आज जोरात झालं. त्यांना लगेच गिलावा करायचाय, माणसं मोकळी बसलीत, आणि त्यांचं तेही खरं आहे. पण भिंत आता नुसती विटांची उघडी ठेवून वाळवायची आहे. साधारण हिशोब असा सांगतात की भिंतीच्या जाडीच्या इंचाला एक महिना. चौदा इंची भिंत. हे ऐकून मिस्त्रींनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते लिहिता येणार नाही. "ताई, लोकं काय म्हणतील, नवं घर आणि हॉलला भिंत उघडी?" म्हटलं लोकांना माडीवर बसवू.

पाडलेला गिलावा एक कणही परत वापरायचा नाही. त्यातले क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात, म्हणजे खालचं पाणी बंद झालं तरी दमट दिवशी तीच भिंत परत ओली दिसते आणि परत सगळे आपापलं उत्तर घेऊन येतात. विटांवर फुललेला लोणा पण कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही, धुतला की परत आत जातो.

ओलीच्या कडेला पेन्सिलने रेघ, शेजारी आजची तारीख. खिडकीच्या भेगेजवळ इंजिनियरने केलं तसंच.

१४ डिसेंबर

वायरिंग. जुन्या वायरींवर कापडाचं आणि रबराचं वेष्टण, हातात घेतल्यावर रबर बिस्किटाच्या तुकड्यांत पडतं आणि तांबं उघडं. सगळं काढून टाकलं. इलेक्ट्रिशियनकाकांनी बोर्डमागून एक उघडी तार ओढत ओढत बाथरूमपर्यंत नेली तर ती नळाच्या लोखंडी पाईपला गुंडाळलेली. हीच घराची अर्थिंग. पूर्वी असं सर्रास करायचे, लोखंडी पाईप जमिनीत गेलेला असायचा. आणि पुढच्याच आठवड्यात प्लंबर हा पाईप काढून प्लॅस्टिकचा टाकणार होता! तसं झालं असतं तर घरात अर्थिंगची तार दिसली असती, ती कशालाच जोडलेली नसती, आणि कुणाला कळलंही नसतं. काकांनी बाहेर वेगळा अर्थिंगचा खड्डा घेतला, मगच प्लंबरला हो म्हटलं.

लाईटला दीड, प्लगला अडीच, गिझरला चार स्क्वेअर एमएमची वायर. एमसीबी आहेतच, त्यांच्या जोडीला ३० मिलीॲम्पचा आरसीसीबी घेतलाय. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी आरसीसीबी, फेज आणि न्यूट्रलमधून जाणारा करंट सारखा नसेल म्हणजे थोडा कुणाच्या अंगातून जमिनीत जातोय असं धरून तो लाईन तोडतो. त्याला टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं, कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

भिंतीत खाचा मारण्यावरून इंजिनियरचा निरोप होता: उभ्या खाचा जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत चालतील, आडव्या एक षष्ठांशाच्या पुढे नाहीत, आणि शक्यतो आडव्या मारूच नका, भिंत तिथे कापली जाते. कटर मशीनवाला मुलगा आडवी लांबलचक खाच मारायला निघाला होता, दिशा बदलली, चार बोर्ड वर सरकले, बरं झालं.

प्रत्येक भिंत बुजवायच्या आधी टेप लावून फोटो. कुठल्या कोपऱ्यापासून किती इंचावर पाईप, किती उंचीवर वायर. पुढे खिळा ठोकताना हेच लागणार.

२१ डिसेंबर

प्लंबिंग. जुन्या लोखंडी पाईपचा कापलेला तुकडा ठेवून घेतलाय. बाहेरून इंचाचा, आत गंज चढून चढून पेन्सिल जेमतेम जाईल एवढी वाट. नळाची धार पहिल्या दिवशी का मेली होती ते कळलं. नव्या लाईनला हातपंपाने प्रेशर देऊन रात्रभर ठेवलं, सकाळी काटा खाली. बेसिनच्या मागच्या एल्बोत, म्हणजे पाईपच्या वळणाच्या जोडात, घाम फुटावा एवढं बारीक पाणी. टाईल लागल्यावर हे सापडलं असतं तर कळायलाच वर्ष गेलं असतं.

४ जानेवारी

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं, भिंतीवर फूटभर वर घेतलंय, शॉवरकडे अजून वर, कोपऱ्यांत गोलाई आणि जाळी. पाणी जायच्या मोरीचं तोंड बंद करून पाणी साठवून ठेवलं, पूर्ण ४८ तास, पातळीला मार्करने खूण. पलीकडून उघड्या विटांची भिंत आहेच, तिला रोज हात लावून बघतोय. नवी ओल नाही. उघड्या भिंतीचा हा एक फायदा मिस्त्रींनाही मान्य करावा लागला.

१३ जानेवारी

कुणीही आलं नाही. सुतार नाही, टाईल्सवाला नाही, मिस्त्रींचा फोन बंद. आम्ही तिघं मिळून जुन्या कड्यांचे खिळे काढत बसलो, पोराला आता घरात यायला परवानगी आहे, त्याचं काम खिळे मोजून डब्यात टाकणं, तो बाराच्या पुढे परत एकपासून सुरू करतो.

२५ जानेवारी

बाकीच्या खोल्यांत चुन्याचा गिलावा सुरू. असं काम करणारे सापडायला वेळ लागला, आलेले मिस्त्री वयस्कर आहेत, सोबत नातू आहे शिकायला. चुना सिमेंटसारखा पाण्याने चटकन धरत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन पुन्हा दगड व्हायला लागतो, म्हणून घाई चालत नाही. थर पातळ, दोन थरांत वेळ, आणि मधे उन्हाने एकदम वाळू द्यायचा नाही, ओली पोती लावून ठेवतात. ते थापीने दाबून दाबून घोटतात तेव्हा गिलाव्यावर एक मंद तकाकी येते, बोट फिरवलं तर गार आणि गुळगुळीत. आमचे आधीचे मिस्त्री स्वतःहून बघायला आले, बराच वेळ हात मागे बांधून उभे होते आणि जाताना त्या आजोबांना विचारत होते वाळू कुठली घेता.

चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो. गॉगल लावल्याशिवाय त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, पोराला दारातूनच बघायचं.

१७ फेब्रुवारी

फरशी. लिनोलियम उचलल्यावर खाली जुन्या फरश्या निघाल्या, मेण आणि घाण काढल्यावर काळा-तांबडा चौकडा, नवऱ्याच्या टाईल्सच्या आवडीचा प्रश्न सुटला. खिडकीकडचा भाग बसलेला आहे म्हणून तेवढ्याच काढून खाली भर घालून परत बसवल्या. पाण्याची नळी घेऊन लेव्हल काढली, पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन कोपऱ्यांत धरायची, दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला थांबतं, त्यात खोटं बोलता येत नाही. काचेची पट्टी अजून आख्खी आहे, म्हणजे खालचं बसणं जुनंच.

पोरगा गोटी घेऊन आला. गोटी हलली नाही. पोरगा नाराज.

२२ मार्च

राहायला आलो. सामान माडीवर, हॉल अर्धा रिकामा, मागची भिंत उघडी. ओलीची कड तीन फुटांवरून खाली आलीये, पेन्सिलच्या रेघांची शिडी झालीये, सगळ्यात खालची रेघ गुडघ्याच्या जरा वर. वरच्या विटांचा रंग फिका झालाय, खालच्या अजून गडद. सोफा भिंतीला टेकवायचा नाही, मधे हवा खेळती राहायला हवी, म्हणून तो खोलीच्या मधोमध आहे आणि येणारा प्रत्येक जण त्याला वळसा घालून जातो.

सासूबाई म्हणाल्या निदान पडदा तरी लावा. पडदा लावला तर वाळणार कशी.

१९ मे

काल पहिला दणकून पाऊस. आम्ही दोघं छत्री घेऊन मागे उभे, पन्हळ भरून वाहतेय, पाणी नळीतून पलीकडच्या गटारात, भिंतीच्या बुडाशी खडी नुसती वरून भिजलेली. माळ्यावर जाऊन आढ्याखाली हात फिरवला, कोरडं. आज सकाळी भिंत बघितली, रेघ होती तिथेच आहे, वर चढलेली नाही. गिलाव्याला हात पुढच्या हिवाळ्यानंतर.

खिडकीवरच्या काचेच्या पट्टीला मात्र बारीक तडा दिसतोय. पेन्सिलच्या खुणेच्या पुढे भेग गेलेली नाही, रुंदीही तेवढीच वाटते, कदाचित पोराने चेंडू मारला असेल, तो नाही म्हणतो आणि त्याच्या नाहीवर माझा फारसा विश्वास नाही. जुनी काच तशीच ठेवून शेजारी नवी लावली, तारीख टाकली. इंजिनियर गुरुवारी येतायत.